रिव्हर्स प्रॉक्सी आणि स्थानिक पत्ते : ग्रामीण महाविद्यालयातील वेब सर्व्हरच्या दोषशोधनाची पद्धत

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयाचे संगणकीकरण ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. ग्रंथालयासाठी कोहा, अध्यापनासाठी मूडल आणि संस्थात्मक ज्ञानभांडारासाठी डीस्पेस यांसारख्या मुक्तस्रोत आज्ञावली अनेक महाविद्यालये स्वतःच्या संगणकांवर चालवितात. कोहा ही आज्ञावली न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली व जानेवारी २००० पासून प्रत्यक्ष वापरात आली. मूडल आणि डीस्पेस यांच्या पहिल्या आवृत्त्या २००२ मधील आहेत. या आज्ञावलींना परवाना शुल्क लागत नाही, म्हणून मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयांना त्या सोयीच्या वाटतात. परंतु त्या चालविण्याची व त्यांतील दोष शोधण्याची जबाबदारी महाविद्यालयावरच येते. ही जबाबदारी बहुधा संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा ग्रंथपालाकडे सोपविली जाते.

अशा ठिकाणी वारंवार उद्भवणारी अडचण म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सीची चुकलेली मांडणी. 'काल चालत होते, आज चालत नाही', 'ग्रंथालयात उघडते, घरून उघडत नाही', 'मुखपृष्ठ दिसते, पण पुढचे पान येत नाही' अशा तक्रारी येतात. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असतात, तरीही उपाय मात्र एकच केला जातो : सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे. प्रस्तुत लेखात या दोषांचे स्वरूप स्पष्ट करून ते क्रमाने शोधण्याची पद्धत मांडली आहे. स्थानिक पत्त्यावर ठेवलेला विश्वास महाविद्यालयाच्या माहितीच्या सुरक्षिततेला कसा बाधक ठरू शकतो, याचाही विचार केला आहे.

उदाहरणादाखल रचना

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे गाव आहे. विवेचनाच्या सोयीसाठी अशा गावातील एका महाविद्यालयाची रचना कल्पिली आहे. महाविद्यालयाकडे इंटरनेटची एकच जोडणी आणि एकच सार्वजनिक पत्ता आहे. आत मात्र तीन संगणक सेवा देतात. १९२.१६८.१.१० या पत्त्यावर प्रवेश-सर्व्हर असून त्यावर अपाची ही वेब सर्व्हर आज्ञावली चालते. १९२.१६८.१.२० वर कोहा आणि १९२.१६८.१.३० वर मूडल आहे. कोहाची वाचकांसाठीची ग्रंथसूची ८० क्रमांकाच्या पोर्टवर, तर कर्मचाऱ्यांसाठीचा विभाग ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर आहे. प्रत्यक्ष संगणकावर हे सर्व आकडे व आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. येथे केवळ वाचनसुलभतेसाठी देवनागरीचा अवलंब केला आहे.

सर्व्हर महाविद्यालयातच ठेवण्यामागे व्यावहारिक कारण असते. बाहेरची जोडणी खंडित झाली तरी ग्रंथालयातील देवघेव थांबू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे काय ?

महाविद्यालयाच्या कार्यालयातील आवक-जावक विभाग हे रिव्हर्स प्रॉक्सीचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. बाहेरून येणारे प्रत्येक पत्र प्राचार्यांच्या नावे एकाच पत्त्यावर येते. आवक लिपिक त्याची बारनिशीत नोंद करतो, मजकूर पाहून ते परीक्षा विभाग, ग्रंथालय किंवा लेखा विभागाकडे पाठवितो. त्या विभागाचे उत्तर पुन्हा त्याच्याकडे येते आणि महाविद्यालयाच्या नाममुद्रित कागदावर, जावक क्रमांकासह बाहेर जाते. पत्र पाठविणाऱ्याला ग्रंथालय कोणत्या खोलीत आहे हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

रिव्हर्स प्रॉक्सी हेच कार्य करते. वाचकाचा ब्राउझर सार्वजनिक नावाने प्रवेश-सर्व्हरकडे विनंती करतो. प्रवेश-सर्व्हर ती आतील संगणकाकडे स्वतःच्या वतीने नव्याने करतो व आलेले उत्तर वाचकाकडे पोहोचवितो. अर्थात, वाचकाला जी एकच विनंती वाटते तिच्यात वस्तुतः दोन स्वतंत्र विनंत्या असतात. पहिली वाचकाकडून प्रवेश-सर्व्हरकडे आणि दुसरी प्रवेश-सर्व्हरकडून आतील संगणकाकडे. दोषशोधनाचा पाया या भेदावरच उभा आहे.

स्थानिक पत्त्यांचे स्वरूप

फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानुसार तीन पत्तासमूह खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे १०,४८,५७६ पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरू शकतो. मात्र सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना मार्ग नसतो. तामलवाडीतील १९२.१६८.१.२० आणि सोलापुरातील एखाद्या घरातील १९२.१६८.१.२० हे दोन सर्वस्वी भिन्न संगणक असू शकतात.

याहून मर्यादित पत्ता म्हणजे १२७.०.०.१. त्याचे प्रचलित नाव लोकलहोस्ट. हा पत्ता 'मी स्वतः' एवढाच अर्थ व्यक्त करतो. 'आमच्या घरी' हे शब्द ज्याच्या तोंडी असतील त्याप्रमाणे घर बदलते, तसे या पत्त्याचे आहे. प्रवेश-सर्व्हरच्या मांडणीत लिहिलेला १२७.०.०.१ म्हणजे प्रवेश-सर्व्हर. कोहाच्या मांडणीतील १२७.०.०.१ म्हणजे कोहाचा संगणक; आणि तोच पत्ता वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचला तर त्याचा अर्थ वाचकाचा स्वतःचा संगणक असा होतो. म्हणून मांडणीत कोठेही स्थानिक पत्ता आढळल्यास एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : हा पत्ता कोण वाचणार आहे ?

दोषशोधनाचा क्रम

१) नोंदवह्यांची तुलना : पत्र हरवले असता आवक बारनिशी व विभागाची नोंदवही ताडून पाहतात. येथेही प्रवेश-सर्व्हर आणि आतील संगणक अशा दोघांच्या लॉग-नोंदी असतात. वाचकाने पान उघडण्याचा प्रयत्न केल्यावर प्रवेश-सर्व्हरवर नोंदच झाली नाही, तर दोष त्याच्या अलीकडे म्हणजे नाव, राउटर किंवा जोडणी यांत आहे. प्रवेश-सर्व्हरवर नोंद आहे पण कोहाच्या संगणकावर नाही, तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे. दोन्हीकडे नोंद आहे व कोहाने यशस्वी उत्तर दिले आहे, तर दोष परतीच्या मार्गात शोधावा. या एका कृतीने शोधाचे क्षेत्र लगेच आकुंचित होते.

२) दुसऱ्या टप्प्याची परीक्षा : ही परीक्षा प्रवेश-सर्व्हरवरूनच करावी. कार्यालयातील संगणकावर कोहा उघडते एवढ्यावरून प्रवेश-सर्व्हरलाही ते उघडत असेल, असे अनुमान काढता येत नाही. प्रवेश-सर्व्हरवर कर्ल या आज्ञेने १९२.१६८.१.२० कडे विनंती करावी. 'जोडणी नाकारली' असे उत्तर तत्काळ आल्यास तो संगणक चालू आहे, परंतु त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही किंवा फायरवॉल स्पष्ट नकार देत आहे, असे समजावे. दीर्घ काळ काहीच उत्तर न आल्यास फायरवॉल विनंती गिळत आहे, पत्ता चुकला आहे किंवा संगणकच बंद आहे, या शक्यता तपासाव्यात.

'नाकारली' या उत्तरामागे बऱ्याचदा एक साधे कारण असते. आतील आज्ञावली केवळ १२७.०.०.१ वर ऐकत असते, म्हणजे ती फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेली हाक घेते. एसएस या आज्ञेने कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे हे पाहता येते. दोन्ही सेवा एकाच संगणकावर असतानाही एक पेच संभवतो. लोकलहोस्ट या नावाचा अर्थ काही ठिकाणी आयपी आवृत्ती ६ मधील पत्ता असा आधी लावला जातो, तर आज्ञावली आवृत्ती ४ च्या १२७.०.०.१ वरच ऐकत असते. अशा वेळी मांडणीत नावाऐवजी अंकात्मक पत्ता लिहिल्याने दोष दूर होतो.

वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर उद्भवणारा दोष ग्रामीण भागात विशेष लक्षात घ्यावा लागतो. राउटर डीएचसीपी पद्धतीने पत्ते वाटत असेल, तर वीज परत आल्यावर कोहाच्या संगणकाला १९२.१६८.१.२० ऐवजी दुसराच पत्ता मिळू शकतो. प्रवेश-सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर विनंती पाठवीत राहतो. सेवा देणाऱ्या संगणकांचे पत्ते कायम राखून ठेवणे हाच यावरील उपाय होय.

३) प्रवेश-सर्व्हरची मांडणी : अपाचीमध्ये प्रॉक्सीचा मुख्य घटक आणि एचटीटीपीसाठीचा उपघटक असे दोन्ही सुरू असावे लागतात. उपघटक सुरू नसल्यास 'या पत्त्यासाठी योग्य हाताळक सापडला नाही' या आशयाची नोंद त्रुटी-लॉगमध्ये येते. रेड हॅट कुळातील लिनक्सवर एसई-लिनक्स ही सुरक्षा व्यवस्था वेब सर्व्हरला स्वतःहून अन्य संगणकांशी जोडणी करू देत नाही. तेथे कर्लची परीक्षा यशस्वी होते, पण अपाचीच्या लॉगमध्ये 'परवानगी नाकारली' अशी नोंद सापडते. या प्रसंगी एसई-लिनक्स पूर्णतः बंद न करता केवळ जोडणीची विशिष्ट परवानगी देणे इष्ट.

त्रुटीच्या क्रमांकांचा अर्थही ध्यानात घ्यावा. जोडणी नाकारली गेली असता अपाची सामान्यतः ५०३, तर एन्जिन-एक्स ५०२ हा क्रमांक दाखविते. ५०४ चा अर्थ आतील संगणकाकडून उत्तर मुदतीत आले नाही असा होतो. अपाचीचे आणखी एक वैशिष्ट्य संभ्रम निर्माण करते. आतील संगणक एकदा अनुपलब्ध आढळला की मूळ मांडणीनुसार अपाची पुढील ६० सेकंद त्याला पुन्हा विचारीतच नाही. कोहा दुरुस्त होऊनही त्या अवधीत ५०३ दिसत राहतो, आणि दुरुस्ती फसली असे समजून योग्य केलेला बदलही मागे घेतला जातो. मिनिटभर थांबणे हीदेखील दोषशोधनातील एक पायरी आहे.

तिरप्या रेषेचा नियम क्षुल्लक वाटला तरी महत्त्वाचा आहे. अपाचीच्या प्रॉक्सीपास या आज्ञेत बाहेरील मार्गाच्या शेवटी तिरपी रेष असेल तर आतील पत्त्याच्या शेवटीही असावी; एकीकडे नसेल तर दुसरीकडेही नसावी. एन्जिन-एक्समध्ये आतील पत्त्यापुढे केवळ एक तिरपी रेष दिली तरी जुळलेला मार्ग गाळून उरलेलाच भाग पुढे पाठविला जातो. मुखपृष्ठ येते पण चित्रे व पुढील पाने येत नाहीत, या तक्रारीमागे हा दोष असू शकतो.

४) परतीचा मार्ग : आतील आज्ञावली कधी कधी 'आता या पत्त्यावर जा' असे उत्तर देते. त्या उत्तरात १९२.१६८.१.३० असा पत्ता असेल तर महाविद्यालयाबाहेरील विद्यार्थ्याचा ब्राउझर अडकून पडतो. आवारात मात्र तो पत्ता पोहोचण्याजोगा असल्याने सर्व सुरळीत दिसते. 'ग्रंथालयात उघडते, घरून उघडत नाही' या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण होय. अपाचीतील प्रॉक्सीपास-रिव्हर्स ही आज्ञा उत्तराच्या शीर्षभागातील असे पत्ते बदलते. पानाच्या मजकुरातील दुवे ती बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक आज्ञावलीला तिचे सार्वजनिक नाव स्वतंत्रपणे सांगावे लागते. मूडलमध्ये ते मूळ मांडणीच्या फाइलमध्ये, तर कोहामध्ये ग्रंथसूची व कर्मचारी विभाग यांच्या पायाभूत पत्त्यांच्या पसंतीत लिहिले जाते. २०२१ मध्ये आलेल्या डीस्पेसच्या ७ व्या आवृत्तीत वाचकाचा ब्राउझर स्वतःच मागील सेवेशी संपर्क साधतो. तेथे सेवेचा पत्ता लोकलहोस्ट असा राहून गेला, तर प्रत्येक वाचकाचा ब्राउझर स्वतःच्याच संगणकावर ज्ञानभांडार शोधू लागतो.

नामांतरानंतरही अशी स्थिती संभवते. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. अशा प्रसंगी एखाद्या संस्थेने संकेतस्थळाचे नाव बदलले आणि आज्ञावलीच्या मांडणीत जुने नाव तसेच राहिले, तर प्रवेश-सर्व्हर निर्दोष असूनही वाचक जुन्या पत्त्याकडे परतविला जातो.

५) आत व बाहेर : याच्या उलट तक्रारही येते. घरून पान उघडते, पण महाविद्यालयातच सार्वजनिक नावाने उघडत नाही. आतून निघालेली विनंती स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर वळवून पुन्हा आत आणणे अनेक राउटरांना जमत नाही. आवारातील नामसेवेने त्याच नावासाठी १९२.१६८.१.१० हा पत्ता द्यावा, म्हणजे हा प्रश्न सुटतो. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा असेल, तर तो सेवादात्याच्या सामायिक वापरासाठी एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवलेल्या समूहातील आहे. अशा जोडणीवर बाहेरील विनंती महाविद्यालयापर्यंत येतच नाही. प्रवेश-सर्व्हरच्या मांडणीत कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता घेणे किंवा बाहेरील भाड्याच्या सर्व्हरवरून सुरक्षित बोगदा आणणे आवश्यक ठरते.

स्थानिक पत्ता आणि विश्वास

आतापर्यंतच्या दोषांत सेवा बंद पडते, म्हणून ते लवकर लक्षात येतात. सेवा उत्तम चालू असताना दडून राहणारा दोष अधिक गंभीर असतो. कोहाचा कर्मचारी विभाग केवळ १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठीच खुला ठेवला आहे, असे समजू. त्या विभागात सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक व दंडाच्या नोंदी असतात. घरून काम करता यावे म्हणून हा विभागही प्रवेश-सर्व्हरमार्फत बाहेर आणला, की जगातील कोणाचीही विनंती कोहाला १९२.१६८.१.१० वरून आलेली दिसते. हा पत्ता 'स्थानिक' असल्याने बंधन निरर्थक होते. बंधनाचा नियम कागदावर तसाच राहतो. पहारा मात्र उठलेला असतो. त्यानंतर सभासदांची माहिती आणि बाहेरचे जग यांत केवळ एक परवलीचा शब्द उरतो.

हा धोका काल्पनिक नाही. अपाचीचे स्थितिदर्शक पान काही वितरणांत स्थानिक पत्त्यापुरते खुले असते. टॉर जाळ्यातील गुप्त सेवांमध्ये प्रत्येक भेट लोकलहोस्टवरूनच आलेली भासते, त्यामुळे अनेक सेवांचे हे पान सर्वांनाच दिसत असल्याचे २०१६ मध्ये निदर्शनास आले. त्यापूर्वी २०११ मध्ये अपाचीच्या प्रॉक्सीतील एक त्रुटी जाहीर झाली होती. नमुना-जुळणीच्या आज्ञेत आतील पत्त्यानंतरची तिरपी रेष सुटली असेल, तर विशिष्ट रीतीने रचलेल्या विनंतीद्वारे बाहेरील व्यक्ती आतील भलत्याच संगणकापर्यंत पोहोचू शकत होती. २०२१ मध्ये अपाची २.४.४८ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत अशाच परिणामाची दुसरी त्रुटी आढळली व २.४.४९ मध्ये ती दूर करण्यात आली. आज्ञावली अद्ययावत ठेवणे किती निकडीचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाचकाचा मूळ पत्ता आतील संगणकाला कळावा म्हणून प्रॉक्सी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या शीर्षकात तो लिहून पाठविते. अपाची हे आपोआप करते; एन्जिन-एक्समध्ये तशी आज्ञा द्यावी लागते. परंतु हे शीर्षक कोणीही स्वतः रचून पाठवू शकतो. म्हणून ते केवळ १९२.१६८.१.१० या ज्ञात प्रॉक्सीकडून आले असेल तरच ग्राह्य धरावे. कोहा व डीस्पेस यांत विश्वासू प्रॉक्सींची यादी देण्याची सोय आहे. अपाचीच्या रिमोट-आयपी घटकात 'विश्वासू प्रॉक्सी' आणि 'अंतर्गत प्रॉक्सी' असा भेद केलेला आहे. केवळ विश्वासू ठरविलेल्या प्रॉक्सीने कळविलेला खाजगी पत्ता तो घटक स्वीकारीत नाही. अंतर्गत प्रॉक्सीने कळविलेला स्वीकारतो. आवारातील वाचकांचे स्थानिक पत्ते अचूक नोंदविले जावेत असे वाटत असेल, तर आवारातील स्वतःच्या प्रॉक्सीसाठी दुसरा प्रकार निवडावा लागतो.

कर्मचारी विभाग बाहेर न आणणे हा सर्वांत सोपा उपाय होय. घरून काम करणे अपरिहार्यच असेल तर व्हीपीएनची जोडणी वापरावी आणि बंधन प्रवेश-सर्व्हरवर, म्हणजे जेथे वाचकाचा खरा पत्ता दिसतो तेथे, घालावे. अपाचीतील प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ही आज्ञा बंदच असावी. रिव्हर्स प्रॉक्सीसाठी तिची गरज नसते, आणि ती चुकून सुरू राहिल्यास परकी माणसे महाविद्यालयाच्या नावावर अन्यत्र विनंत्या पाठवू शकतात.

निष्कर्ष

१. रिव्हर्स प्रॉक्सीच्या मार्गात दोन स्वतंत्र विनंत्या असतात. दोन्हीकडील लॉग-नोंदी ताडून पाहिल्याशिवाय मांडणीत बदल करू नये.

२. स्थानिक पत्त्याचा अर्थ तो वाचणाऱ्या संगणकाच्या जागेवर अवलंबून असतो. लोकलहोस्ट, खाजगी पत्ता व सार्वजनिक नाव यांपैकी कोणते कोठे लिहायचे, हे त्यावरून ठरवावे.

३. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम मिनिटभराने पाहावा आणि बदलाची दिनांकासह नोंद ठेवावी. व्यवस्था सांभाळणाऱ्या व्यक्तीची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर ही नोंदच तिच्या उत्तराधिकाऱ्याचा आधार असते.

४. 'स्थानिक आहे, म्हणून विश्वासार्ह आहे' हे गृहीतक प्रॉक्सी बसविताच तुटते. सेवा सुरू झाल्यावर आवाराबाहेरील जोडणीवरून कर्मचारी विभाग उघडतो का, हे पाहिल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये.

तामलवाडीसारख्या गावातील महाविद्यालयाला या तपासणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. कर्ल, एसएस आणि लॉग-नोंदी ही साधने लिनक्सच्या सर्व्हरवर विनामूल्य उपलब्ध असतात. त्यांचा क्रमाने वापर झाल्यास विद्यार्थ्यांना ग्रंथसूची घरबसल्या पाहता येईल, आणि त्याच विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या स्वाधीन केलेली माहितीही सुरक्षित राहील.